सुई कुठे उतरते

चाळीस उन्हाळे मी कानाने गिअर बदलले.
इंजिन किंचाळायचं, सुई तांबड्या रेघेला भिडायची,
क्लच, दांडा, पुन्हा किंचाळी.
यात विचारण्यासारखं काही असतं
हेच ठाऊक नव्हतं.
आता डावा कान गेलाय, उजवा जायच्या बेतात,
आणि वेन्ला, माझ्या बहिणीची नात,
स्वयंपाकघरात चौकटीच्या वहीवर
डोंगर काढत बसलीये.

रात्रीचे अकरा. फिनलंडच्या जूनमध्ये
अकरा म्हणजे नुसता आकडा,
बर्चच्या साली अजून पांढऱ्या दिसताहेत.
कॉफी गार. ती मोठ्याने, माझ्या उजव्या बाजूला:
"ताइस्तो, सोडायचं कुठे ते तू बघतोस.
उतरतोस कुठे, ते कोण बघणार?"

पेन्सिलचं टोक शेंड्यावर ठेवते.
पाच हजार आठशे. इथे ताकद सगळ्यात जास्त.
"इथेच गिअर टाकलास, तर सुई धपकन पायथ्याशी.
म्हणून शेंडा ओलांडायचा, पलीकडे थोडं उतरायचं,
इतकंच, की या गिअरची उतरण
आणि पुढच्याची चढण
एका उंचीवर भेटतील."

पहिल्या-दुसऱ्यामध्ये दरी रुंद:
सहा हजार नऊशे. तिथे तुझा कान बरोबर होता.
दुसऱ्यातून तिसऱ्यात, सहा हजार सहाशे.
तिसऱ्यातून चौथ्यात पायरी बुटकी,
सहा हजार चारशे. "त्यापुढे नुसता आवाज."

नुसता आवाज!
आउने कुंपणाशी कानात बोटं घालून उभी राहायची
त्याच आवाजासाठी. म्हणायची,
दहा गाड्यांतून तुझी ओळखते.
मी कप विसळला, जरा जोरातच,
आणि झोपायला गेलो.

शनिवारी, लष्कराने सोडून दिलेली धावपट्टी,
भेगांतून गवत, टायरांचा वास.
माझी ओपेल, माझा पाय, माझी तांबडी रेघ: चौदा अडतीस.
मग ती बसली, मांडीवर वही नाही पण डोक्यात वहीच.
चौदा एकसष्ट.
चिठ्ठी घडी करून खिशात घातली तिने,
हेल्मेट काढलंच नाही बराच वेळ.

मी काहीच ऐकलं नव्हतं. पण गाडीचं नाक बघितलं होतं,
प्रत्येक गिअरला एक श्वास उशिरा झुकलेलं.
"पोरी, तुझी वही बरोबर आहे.
पण वहीला हात नाहीत.
सुई आकड्यावर आलेली बघून तू निघतेस,
तुझा हात पोचेपर्यंत ती पुढच्या गावाला.
पहिल्यात सुई ससा आहे, चारशे आधी निघ.
दुसऱ्यात अडीचशे.
तिसऱ्यात ओंडका ओढणारा घोडा,
तिथे दीडशे पुरे."

तिने दस्तान्यावर पेनाने लिहून घेतलं.
चौदा एकोणीस.
नाचलीबिचली नाही. आम्ही इथले, नाचत नाही.
तिने मला सॉसेजचा मोठा तुकडा दिला,
मोहरी लावून.

संध्याकाळी फाटक बंद व्हायच्या आधी
एक फेरी दोघांनी मारली, वेळ न मोजता.
मी चाकामागे, ती शेजारी,
तिचा तळवा माझ्या खांद्यावर.
थाप पडली की गिअर. सुईकडे बघायचं नाही.
पहिली थाप. दुसरी.
तिसरी इतकी लवकर पडली की मी चिडलोच,
तरी हाताने ऐकलं.

आणि गाडी ओढत राहिली, न रुसता.
तिसऱ्याच्या शेवटी ती नेहमी जड व्हायची,
त्या पिवळ्या खांबाजवळ, दर वेळी.
इतकी वर्षं मला वाटायचं,
तिथे समोरून वारा येतो.